बेलबोडी, तिकीट वीस रुपये

सकाळी फिरायला येणाऱ्यांना फुकट.
नऊ वाजता माझी खिडकी उघडते.
मोठ्यांना वीस, लहानांना दहा,
लग्नाआधीच्या फोटोंचे अडीच हजार,
डोंगा हवा असेल तर त्याचे वेगळे.
डोंगा रंगवलेला आहे. पाण्यात जात नाही.

पहिल्याच दिवशी माझी मोठीआई, कौतिका वलथरे,
शिंगाड्यांची टोपली घेऊन रांगेत उभी राहिली.
मी मान वर न करता विचारलं, किती जण?
"मी एकटीच. शिंगाड्याचंबी लागते काय वं?"
मागून कुणी तरी हसलं.
तिकीट फाडून दिलं, आणि वीस रुपये
माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकले.
हिशेब जुळला पाहिजे.

त्याआधी बैठका झाल्या होत्या, तीन,
समाजभवनात, तर्री-पोहे देऊन.
नगरसेविका बसून होत्या, त्यांचा नवरा बोलला.
पडद्यावर त्याने निळं पाणी दाखवलं.
आमचं पाणी चहाच्या रंगाचं,
श्रावणात दूध जास्त पडल्यासारखं.
चित्रातल्या एकाही माणसाच्या पायाला चिखल नव्हता.
"रोजगार," तो म्हणाला.
पुनाजी दिघोरे उठले. "अन् मासोयी?"
"मासोळी राहीनच नं काका. शोभेची."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
माझं नाव यादीत होतं.

सोसायटीचा ठेका त्या मार्चमध्ये संपला.
बंद केला, असं कुणी म्हटलं नाही.
फाइल सिव्हिल लाइन्सला गेली
आणि परतीचा रस्ता तिला सापडला नाही.

खोटं कशाला बोलू,
अंकुशला हंसाच्या बोटीवर नऊ हजार मिळतात,
त्याच्या आईने कूलर घेतला.
मक्याच्या कणसांवर शीलाचं कर्ज फिटलं.
कामठीहून, वर्ध्याहून, पार छिंदवाड्याहून माणसं येतात,
संध्याकाळी सात वाजता पाणी जांभळं होतं, हिरवं होतं,
लेकरं ओरडतात, आणि ते ओरडणं
मला आवडतं.
फक्त रात्री मोहल्ल्यात आता
जाळं विणताना होणाऱ्या गप्पा नाहीत.
कोण कुणाच्या पार्टीचा, हे ठरल्याशिवाय
लोक पाटावर बसत नाहीत.

नाताळाच्या सुट्टीत, ऐन गर्दीत,
कारंजं खोकललं आणि बसलं.
पुण्याचा इंजिनीअर काठावरून फोनवर बोलत राहिला.
नगरसेविकेच्या नवऱ्याने चारदा घड्याळ पाहिलं,
मग स्कूटर पाठवली
पुनाजी काकांकडे.

आले. सदरा काढून माझ्या खिडकीत ठेवला.
"जुन्या विहिरीच्या कडेला बसवलं असन तुमी. तिथं येल धरते."
इंजिनीअर म्हणाला, इथे विहीर नाही, नकाशात नाही.
काका त्याच्याकडे न बघता आत गेले.
मी मोजत होते. चाळीस. पंचेचाळीस.
सगळे मोबाइल वर धरलेले.
वर आले ते शिंगाड्याचा वेल गळ्यात घेऊन,
हार घातल्यासारखे,
पुन्हा गेले, पुन्हा.

कारंजं सुरू झालं. एक धार जरा तिरपी राहिली,
अजून तशीच उडते, मोहल्ल्याच्या दिशेने.

नवऱ्याने पाचशेची नोट पुढे केली, फोटो निघाला.
काकांच्या अंगावरून पाणी गळत होतं.
"पैसे राहू द्या. पावती द्या."
कशाची?
"पान्यात उतरल्याची. तारीख टाका."
तो हसला, गाडीकडे गेला.

काका माझ्यासमोर उभे राहिले, दात वाजत होते.
माझ्याकडे पावतीपुस्तक एकच.
मी एक तिकीट फाडलं, उलटं केलं, लिहिलं:
पुनाजी दिघोरे, बेलबोडीत उतरले, तीन वेळा.
शिक्काही एकच होता, प्रवेश.
तो मारला.

त्यांनी ते प्लास्टिकच्या पन्नीत घातलं,
सदऱ्याच्या आतल्या खिशात,
सोसायटीच्या जुन्या ओळखपत्राला चिकटून.

त्या रात्री हिशेबात वीस रुपये कमी आले.
मी भरले नाहीत.